टाकायचं पाणी

आमच्या स्वयंपाकघरात तीन प्रकारचं पाणी आहे आणि त्यातलं कुणी कुठलं प्यायचं हे मी ठरवते. नळाचं पाणी भांड्यांना, कपड्यांना आणि डाळ-तांदूळ धुवायला. फिल्टरचं पाणी आम्ही नवरा-बायको पितो. तिसरा ओट्याच्या कोपऱ्यात उलटा घातलेला जार. तो आल्यागेल्यासाठी आणि नवरा कंपनीत नेतो त्या बाटलीसाठी. रोह्याजवळ वरसेला फ्लॅट घेतला तेव्हा फक्त नळ होता. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की तुरटी फिरवायची, फडक्याने गाळायचं, उकळायचं आणि प्यायचं. आमचं काही बिघडलं नाही.

फिल्टर आला तो एका विक्रेत्यामुळे. रविवारी सकाळी टाय लावून दारात उभा राहिला. त्याने आमच्याच दोन ग्लासांत पाणी घेतलं, एकात नळाचं आणि एकात त्याने आणलेलं. दोन्हींत सळया बुडवल्या आणि वायर लावली. मिनिटभरात आमच्या नळाच्या ग्लासात तांबूस चिखल झाला. त्याचा ग्लास तसाच स्वच्छ. नवऱ्याचा चेहरा असा पडला की जणू मीच इतकी वर्षं त्याला तो चिखल पाजत होते. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंना विचारलं तर त्या हसत सुटल्या. तो चिखल सळईच्या लोखंडाचा असतो म्हणाल्या, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई झिजते, एवढंच. पण तोवर आमच्या भिंतीला भोकं पाडून झाली होती. पुढे नवऱ्याने मोबाइलवर वाचलं की फिल्टर पाण्यातलं चांगलंही काढून टाकतो, म्हणून मग जार सुरू झाला. जारच्या झाकणावर प्लास्टिकचं सील असतं, ते फोडताना त्याला समाधान मिळतं.

मला या सगळ्याचा राग येतो, कारण मी पेणच्या खारेपाटातली आहे. खाडीच्या काठचं गाव. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला बांध घालून राखलेली भाताची शेतं, आणि उधाणात बांध फुटला की शेतात खारं पाणी. बाबा मोसमात मिठागरावर राबायचे, पावसात शेतात. चोहीकडे पाणी आणि पिण्यापुरतं पाणी नाही, अशी आमची तऱ्हा. उन्हाळ्यात टँकर यायचा, तो कधी येईल ते कुणाला ठाऊक नसायचं. एरवी तळ्याचं मचूळ पाणी, खारटही नाही आणि गोडही नाही असं. आम्हाला ते पाणीच वाटायचं. त्याला चव असते हे मला रोह्याला आल्यावर कळलं.

आमच्या गावात प्रत्येक घरात पाण्याची दोन भांडी असत. एक घरच्यांचा हंडा, त्यात मचूळ पाणी. दुसरी तांब्याची कळशी, तिच्यावर ताटली, ताटलीवर पालथा पेला. त्या कळशीत वरच्या गावातल्या विहिरीचं गोडं पाणी असायचं. दादा ते सायकलवरून आणायचा. ते पाव्हण्याचं पाणी. घरातल्या कुणी त्याला हात लावायचा नाही. पाहुणा दारात आला की पहिल्यांदा त्याच्या हातात तो पेला जायचा, आणि तो ते पिऊन काही बोलतो का याकडे आई बघत राहायची. मी लहानपणी एकदा तापात चोरून त्या कळशीतलं प्यायले तर आईने पाठीत धपाटा घातला होता. ताप होता तरी घातला.

माझं लग्नही त्या कळशीवर जमलं म्हणायला हरकत नाही. वरच्या गावांतले लोक खारेपाटातली सोयरीक करायला का कू करायचे. पाणी नाही तिथे जावयाला आंघोळ कशी घालणार, असं तोंडावर विचारायचे. माझे सासरे मला बघायला आले, पेला रिकामा केला आणि म्हणाले, "पाणी तर छान गोड आहे की तुमच्याकडे." आईने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. लग्न ठरल्यावर शेजारणी मला म्हणाल्या, "नशीब काढलंस गो, नळाच्या गावात चाललीस." मी खरंच खूश होते. नवरा कसा आहे यापेक्षा नळ किती वेळ येतो हे मी आधी विचारलं होतं.

बाबा गेल्यावर आई दादाकडे राहिली. दादा डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आहे, आज सकाळची शिफ्ट तर उद्या दुपारची. आईच्या पायांवर सूज यायला लागली तेव्हा त्याने पेणला नेऊन तपासण्या केल्या. किडन्या कमजोर झाल्यात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर असलं पाणी प्यायल्याने झालं का, असं मी विचारलं, तर नक्की सांगता येत नाही म्हणाले. गावात मात्र सगळ्यांचं नक्की ठरलेलं होतं. पाण्यानेच झालं. दादाने मला फोन केला. "मला शिफ्टमधून जमत नाय. तुमच्याकडं चांगलं पानी हाय. तू ने तिला." मला राग आला, कारण त्याने विचारलं नाही, सांगितलं. आणि बरंही वाटलं, कारण माझ्याकडे आईला द्यायला काहीतरी होतं. मी तिला वरसेला आणली ती पाण्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते.

इथले डॉक्टर पुलापलीकडच्या अष्टमी गावात बसतात. त्यांनी रिपोर्ट बघितले. मीठ बंद, पापड-लोणचं-सुकट बंद, पाणी स्वच्छ द्या, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासा. "सांभाळलं तर डायलिसिस बरंच लांबवता येईल," असं म्हणाले. आईने डायलिसिस हा शब्द कानाआड केला आणि सुकटीबद्दल परत एकदा विचारून घेतलं.

फिल्टरचं पाणी तिने पहिल्यांदा प्यायलं आणि पेला खाली ठेवला. "याला चवच नाय गो. प्यायल्यासारखं वाटतच नाय." मी म्हटलं, सवय होईल. मग तिचं लक्ष सिंककडे गेलं. फिल्टर चालू असला की त्याच्या खालून एक बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते, तिच्यातून पाणी वाहत असतं. मशीन गाळून उरलेलं, क्षारांचं पाणी. आम्ही पितो त्याहून ते जास्तच निघतं. इतक्या वर्षांत मला ती नळी दिसेनाशी झाली होती. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"ह्यो कवा बंद व्हतो?"

"बंद नाही होत, आये. ते टाकायचंच पाणी असतं."

"टाकायचं?" तिने बोट धारेखाली धरलं. "चांगलं तर हाय."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर नळी बादलीत सोडलेली होती. तिसऱ्या दिवशी त्या बादलीवर ताटली आली. आईने त्या पाण्याने फरशी पुसली, कुंड्यांना घातलं, माझ्या नवऱ्याची गाडी धुतली. नवरा खूश झाला. ऑफिसातल्या मैत्रिणींना मी हे कौतुकाने सांगितलं, त्यांनीही घरी बादल्या लावल्या. आमची आई कशी काटकसरी, हे सांगताना मी फुशारून जायचे. आज ते आठवलं की माझा मलाच संताप येतो.

आईला फिल्टरचं आवडेना, म्हणून मी तिला जारचं द्यायला लागले. जारच्या पाण्याला थोडी तरी चव असते, शिवाय सीलबंद. एकदा नवऱ्याचे कंपनीतले दोघं सपत्नीक आले. मी ट्रेमध्ये पाच ग्लास भरले, चार त्यांना दिले आणि पाचवा आईपुढे धरला. आईने तो घेतला नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "मी काय पाव्हनी हाय?" सगळे हसले, मीही हसले. पण ती हसली नव्हती. ती उठून आत गेली आणि मी तिच्यामागे गेले नाही, कारण भजी तळायची होती.

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे वाक्य मी लिहिते तेव्हा पुढे काहीतरी वाईट येणार असतं, हे मलाही ठाऊक आहे. तो त्या महिन्यात एकदाच बोलला आणि तेही सहज. टेम्पोवाल्याला फोन लावता लावता म्हणाला, "जार हल्ली फार लवकर संपतो, नाही?" बस, एवढंच. आई दिवाणखान्यात वाती वळत होती. त्या दिवसापासून जार पुन्हा पूर्वीइतका टिकायला लागला. आईने पाण्याच्या चवीबद्दल बोलणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणायची, "झाली सवय." मला वाटलं, चला, फिल्टरचं आवडायला लागलं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी लॅच उघडून आत आले, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. आई सिंकपाशी खाली बसली होती. तिने बादलीवरची ताटली बाजूला केली, तांब्या बुडवला, तोंडाला लावला आणि सावकाश, चवीने प्यायली. मग पदराने तोंड पुसलं. ते पिणं बघूनच कळत होतं की हे आजचं नाही, रोजचं आहे.

मी पुढे व्हायला हवं होतं. तांब्या काढून घ्यायला हवा होता, बादली मोरीत ओतायला हवी होती, दोन शब्द बोलायला हवे होते. मी तशीच मागे फिरले, दिवाणखान्यात जाऊन पंखा लावला आणि मुद्दाम पर्स जोरात ठेवली. आई बाहेर आली. "आलीस गो? चहा टाकू?" मी हो म्हटलं.

मूग गिळून गप्प का बसले याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. ते शेवटी आपल्या नळाचंच पाणी, नळाचं पाणी अर्धं गाव पितं. ती म्हातारी आहे, तिला आवडतंय. ती झोपली असताना मी स्वतः त्या बादलीतलं पेलाभर प्यायले. किंचित मचूळ लागलं. घशाखाली उतरताना गावची, हंड्याची आठवण झाली आणि मला रडू आलं. पण रडू येऊनही मी बादली ओतली नाही. खरं कारण सांगायचं तर घरात शांतता होती. जार टिकत होता, नवऱ्याच्या कपाळावर आठी नव्हती, आई कुरकुरत नव्हती. बोलले असते तर मग तिच्यासाठी वेगळा जार आणा, त्यावर बोलणी, मग दादाला फोन, त्यावर बोलणी. माझ्या जिवावर आलं होतं. असं दीड-दोन महिने चाललं.

पुढचा रिपोर्ट बिघडलेला आला. क्रिएटिनिनचा आकडा बघून डॉक्टरांनी चष्मा काढला. "जेवणात मीठ जातंय का? बाहेरचं खाणं?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. मग ते म्हणाले, "पाणी कुठलं पितात?"

आई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, "घरात फिल्टर आहे. जारही आणतो आम्ही."

मी खोटं बोलले नाही, असं मला त्या क्षणी वाटलंसुद्धा. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेणच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. हाताला डायलिसिसची नस तयार करून घ्या, आता फार थांबू नका, म्हणाले.

रिक्षा पुलावर आली आणि माझा तोल गेला. रिक्षावाला ऐकतोय याचंही भान राहिलं नाही. "ती बादलीतली घाण कशाला पितेस तू? तुला इथे कशासाठी आणलं? पाण्यासाठी आणलं ना? तीन-तीन प्रकारचं पाणी आहे घरात, आणि तुला गटारात जाणारंच हवं?" आई पदर सावरत बाहेर नदीकडे बघत होती. मी ओरडायची थांबल्यावर म्हणाली, "ते टाकायचं पानी ना? मंग मी पिलं तर कुनाचं कमी झालं?"

घरी आल्याबरोबर मी बादली मोरीत ओतली. नळी परत सिंकमध्ये सोडली. आई दाराशी उभी राहून पाणी जाताना बघत होती. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर ग्लास धरून उभी राहायचे आणि तो संपेपर्यंत हलायचे नाही. ती शहाण्या मुलीसारखी प्यायची. पेणला तिच्या हाताची नस तयार झाली, काही आठवड्यांनी डायलिसिस सुरू झालं, आणि मग पाणीच मोजून आलं. दिवसभरात इतकंच, त्यात चहा आणि आमटी धरून. कुठलं पाणी, याला आता फार अर्थ उरला नाही. माझ्या नवऱ्याने आपणहून तिच्यासाठी वेगळा जार सांगितला होता, तो भरलेलाच राहिला.

त्या बादलीनेच माझ्या आईची किडनी घालवली, असं मी धरून चालले होते. कुणाला सांगता येत नव्हतं. शेवटी एकदा औषधांच्या निमित्ताने अष्टमीला एकटीच गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. नळी, बादली, तांब्या. त्या दिवशी मी तुमच्यापासून लपवलं, हेही सांगितलं. डॉक्टर ऐकून घेत होते आणि मग चक्क हसले. "अहो, ते तुमच्या नळाचंच पाणी, क्षार थोडे जास्त. दोन महिने प्यायल्याने एवढं होत नाही. त्यांच्या किडन्या इथे येण्याआधीच गेल्या होत्या, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय." मी त्यांचे आभार मानले. बाहेर पडले तेव्हा इतकं हलकं वाटलं की पूल मी चालतच ओलांडला. वाटेत आईसाठी मऊ भाकऱ्या घेतल्या, तिला आवडतात म्हणून.

आई खिडकीत बसून आमच्या बिरड्यासाठी वाल सोलत होती. तिला स्वतःला ते खायची बंदी होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, "आये, डॉक्टर म्हणाले, त्या पाण्याने काही झालं नाही. तुझं दुखणं आधीचंच होतं. मी उगाच ओरडले तुला."

"व्हय?" ती म्हणाली. तिने दोन वाल सोलले. मग वर न बघता म्हणाली, "त्या शनवारी तू दारात उभी हुतीस ना? मी पायलं तुला."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का, त्याची वाट बघत हुते," आई म्हणाली. "तू चपला बी काढल्या हुत्यास. मला वाटलं, आता येल, तांब्या वढून घेल, वरडल. तू मागं फिरलीस. मंग मी म्हनलं, असंल. ह्या घरात माज्या वाट्याचं हेच पानी असंल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने मला दोष दिला नाही, नवऱ्याचं तर नावही काढलं नाही. वालांचं ताट माझ्याकडे सरकवून ती म्हणाली की पुढल्या आठवड्यात दादाला बोलवून घे, डायलिसिसला पेण त्याच्याकडून जवळ पडतं. मी नको म्हणाले नाही. ती चुकीचं समजली, असं तिला सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण ती काही चुकीचं समजली नव्हती.